शनिवार तेल्यांची आडनावे

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव आपल्याकडे विद्यालयाला इतकी वर्षे चिकटून राहिले, की ते मुळात स्कॉटलंडातील एका गावाचे नाव असून तेथील जमिनी ज्यांच्याकडे होत्या त्या घराण्याने ते धारण केले होते, हे आपल्या ध्यानातही येत नाही. कोकणच्या रीतीने पुकारायचे तर साहेबांना एल्फिन्स्टनकरच म्हणावे लागले असते. इंग्रजांची आडनावे बहुशः धंद्यावरून, बापाच्या नावावरून, अंगवर्णावरून किंवा गावावरून पडली, आणि नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काही शतकांत ती हळूहळू वंशपरंपरागत झाली. यांपैकी धंदा, बाप आणि गाव हे तिन्ही आधार एकाच लहानशा समाजाच्या नावांत एकत्र पाहावयाचे असतील, तर विलायतेस जाण्याचे प्रयोजन नाही. पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोकांची नावे वाचली तरी पुरे.

या यहुदी समाजाची परंपरागत कथा अशी, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांची प्रेते नवगावातच पुरण्यात आली. कथेतील इतिहास किती आणि श्रद्धा किती याचा निवाडा पंडितांनी खुशाल करीत बसावे. परंतु हे लोक किनाऱ्यावर स्थिरावून तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद ठेवू लागले, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, एवढे मात्र निर्विवाद आहे. धंद्यावरून पडलेले हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. गावातील दुसरे तेली सोमवारी घाणा जुंपत नसत, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारी जुंपत नसत, म्हणून हे शनिवार तेली. दोघांच्या देवांतील भेद गावाने सुट्टीच्या वारावर आणून ठेवला, आणि माझ्या मते त्यात एक प्रकारचा सुज्ञपणाच होता.

घाण्याचा आणि आडनावांचा संबंध मात्र याहून खोल असावा. शंभराहून अधिक गावांची नावे या मूठभर समाजाच्या आडनावांत आढळतात : नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, झिराडकर, नागावकर, पेणकर, पेझारकर, रोहेकर, वाक्रूळकर, राजपूरकर आणि असे किती तरी. समाज एवढा लहान आणि गावे इतकी पुष्कळ, हे कसे? घाणा एका गावच्या तिळावर आणि खोबऱ्यावर चालावयाचा. एका गावात चार भावांचे चार घाणे झाले तर चौघांचेही बैल उपाशी मरावयाचे. तेव्हा वाढत्या कुटुंबातील एखाद्याने उठून पुढच्या गावी बस्तान बसवावे, हे ओघानेच आले असले पाहिजे. ब्राह्मणांचे आगर किंवा कोळ्यांचा वाडा जसा एके ठिकाणी दाट असतो, तसा हा समाज कोठेच दाट नव्हता. दोन घरे येथे, चार घरे तेथे, असा तो बंदराबंदरांतून विखुरलेला होता.

शिवाय किहीमात राहणाऱ्यास कोणी किहीमकर म्हणत नाही, कारण तेथे सारेच किहीमचे. ही ओळख उपयोगी पडते ती माणूस गाव सोडून परमुलखात जातो तेव्हा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लोक मोठ्या संख्येने मुंबईस जाऊ लागले, कोणी बांधकामावर तर कोणी कंपनीच्या पलटणीत भरती झाले, आणि पलटणीतल्या कारकुनापुढे नाव सांगताना गाव सांगणे अपरिहार्य झाले असावे. मग त्या इंग्रजी दप्तरात किहीमकरांचे ‘केहीमकर’ झाले, ते तसेच राहिले.

याच पलटणीतील एका सरदाराचे नाव जरा निरखून पाहण्यासारखे आहे : सामाजी हसाजी दिवेकर. ऐकणारास वाटावे, हा मावळातला कोणी मराठा गडी. परंतु सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, आणि दिवे हे गाव. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव असा तीन खणांचा हा मराठी वाडा असून त्याच्या पहिल्या दोन खणांत हिब्रू संदेष्टे नांदत आहेत. त्याच चालीने मोशेचा मुसाजी आणि अब्राहमाचा अब्राजी झाला. हैदर-टिपूंशी झालेल्या युद्धात सामाजी कैद झाले, सुटले, आणि कृतज्ञतेने त्यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले, असे सांगतात. बेने इस्रायल आपल्या मराठीत प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. मशीद बंदर हे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्या रस्त्यावर ती उभी आहे तो सॅम्युअल स्ट्रीट तर उघडच सामाजींचा आहे; फक्त त्यात दिवे हे गाव नाही.

आणि पुढे हेच होत गेले. इंग्रजी शाळांचा आणि सरकारी नोकरीचा स्पर्श झाल्यावर सामाजीचे सॅम्युअल झाले, हसाजीचे इझिकेल झाले, आणि बापाचे किंवा आजाचे नाव साहेबी आडनावासारखे शोभू लागल्यावर गावाचे नाव पुष्कळांनी गाळले. मुंबईतील मोझेस रोडवरून जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असते, की मुंबईचे महापौर झालेले ते डॉ. एलिजा मोझेस म्हणजे राजपूरकर? ‘बूट पॉलिश’मधील जॉनचाचा म्हणून घरोघर पोचलेले नट डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पडद्यावर चेऊल म्हणजे चौल गळाले आणि नुसते डेव्हिड उरले. प्रसूतिविद्येत मोठे नाव मिळविलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या घराण्याने उलट ‘कर’ सोडला आणि झिराड हे गाव तेवढे ठेवले. ही तिसरी तऱ्हा मला सर्वांत आवडते. तीत साहेबी सुटसुटीतपणाही साधला आणि गावाशी नातेही तुटले नाही.

ज्यांनी काहीच गाळले नाही त्यांपैकी दोघांचा उल्लेख केला पाहिजे. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी मुंबईत १८७५ साली समाजाची शाळा काढली आणि १८९७ साली बेने इस्रायलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला मात्र चाळीस वर्षांनी, आणि तोही तेल अवीवमध्ये. दुसरे बेंजामिन शिमशोन अष्टमकर, म्हणजे रोह्याजवळच्या अष्टमीचे. त्यांनी १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने उभी केली. योसेफाची कथा ओव्या-साक्यांतून सांगणारा हा बुवा अष्टमीचाच असावा, यात कोकणी माणसास नवल वाटणार नाही.

आडनाव ऐकताच जात ताडण्याची आपली जी खोड आहे, तिला या किनाऱ्यावर चांगलाच चकवा बसतो. दांडेकर आणि दिवेकर म्हटले की आपल्यापुढे चित्पावन उभे राहतात. परंतु अहमदाबादच्या कांकरिया तलावावर प्राणिसंग्रहालय उभारणारे रूबेन डेव्हिड हेही मूळचे दांडेकरच. गावाने आपले नाव देताना जानवे पाहिले नाही की सुंता पाहिली नाही; जो त्या वेशीतून बाहेर पडला त्याला ते मिळाले.

१९४८ नंतर यांतील बहुतेक घराणी इस्रायलास गेली. अलिबागेत इस्रायल आळी आणि १८४८ साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर अजून आहे, पण घरे थोडी उरली आहेत. तिकडे अनेकांनी नवी हिब्रू आडनावे घेतली, तर काहींनी जुनीच ठेवली. अश्दोदच्या किंवा लोदच्या दारावर हिब्रू अक्षरांत कोरलेले ‘पेणकर’ तेथील टपालवाल्यास काहीच सांगत नाही, आणि पेणहून गेलेल्या पाहुण्याला मात्र दार उघडण्यापूर्वीच निम्मी ओळख पटते.