झिरपते माठ आणि पीसीचं कोटेशन

ठाण्याच्या एका वाचकांनी कोटेशनचा फोटो पाठवला आहे. मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला, बजेट ५० हजार, लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी घ्यायचं ठरलंय. सोबत प्रश्न: मध्यंतरी याच दुकानातून घेतलेल्या कोटेशनपेक्षा रॅमचा भाव दुपटीच्या वर गेलाय, बाकीच्या ओळी होत्या तिथंच आहेत, तर दुकानदार आपल्याला बनवतोय का?

रॅमच्या बाबतीत तरी नाही. जगातली बहुतेक डीआरॅम, म्हणजे पीसीतली ही रॅम, तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींचं लक्ष सध्या एआयच्या डेटा सेंटरांकडे आहे. तिथं एचबीएम लागते, म्हणजे एकावर एक चिपा रचून केलेली मेमरी. तेवढ्याच गिगाबाइटसाठी तिला पीसीत बसणाऱ्या डीडीआर५ रॅमच्या साधारण तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतात, असं मायक्रॉनचंच म्हणणं आहे. कारखाने तेवढेच आणि नफा तिकडे, त्यामुळे रॅमची एक पट्टी विकत घेणारं गिऱ्हाईक रांगेत शेवटी. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर करून टाकलं. एआयमुळे मेमरी महागली, म्हणून पीसी महागला. आता त्याच पीसीवर ‘एआय रेडी’चा स्टिकर लावून तो आणखी चढ्या भावाने विकायचा, हे धाडस जाहिरात विभागच करू जाणे.

पण रॅमचा विषय निघाला आहे, तर रॉबर्ट डेनार्ड यांच्याबद्दल लिहायची संधी मी सोडणार नाही. संगणकावरच्या लेखात गॉर्डन मूर यांचं नाव हटकून येतं. डेनार्ड यांचं क्वचित. वास्तविक या कोटेशनमधल्या निम्म्या ओळींवर त्यांची सही असायला हवी.

१९६६ साल. डेनार्ड न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमच्या संशोधन केंद्रात होते. त्यांचा गट एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर खर्च करत होता. एके दिवशी त्यांनी चुंबकीय मेमरीवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाचं सादरीकरण ऐकलं आणि त्या गटाची रचना आपल्यापेक्षा किती साधी आहे, हे त्यांना खटकत राहिलं. संध्याकाळी घरी, क्रोटन नदीच्या घळीकडे तोंड करून कोचावर बसलेले असताना कल्पना सुचली: बिट म्हणजे नुसता कपॅसिटरमधला विद्युतभार मानला, तर त्याच्या दाराशी एकच ट्रान्झिस्टर पुरे. त्यांनी रात्रीच साहेबांना फोन केला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि उद्या बोलू म्हणून सांगितलं. हीच ती डीआरॅम. १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं.

यातली खरी गंमत अशी, की हा कपॅसिटर गळका असतो. मातीच्या माठासारखा. पाणी भरलं की झिरपायला सुरुवात. माठ भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. आणि झिरपून झिरपून दोघांतला फरक मिटायच्या आत कोणीतरी फिरून भरलेले माठ पुन्हा काठोकाठ करायचे. त्यावर कडी म्हणजे माठात पाणी आहे का, हे वरून बघता येत नाही, ओतूनच बघावं लागतं. म्हणजे वाचलं की माहिती गेली. ती लगेच परत भरायची. १६ जीबीच्या रॅममध्ये असे १३,७०० कोटींहून जास्त माठ आहेत आणि डीडीआर४ मध्ये त्यातला प्रत्येक माठ दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, तपासून भरला जातो. आपण वर्डमध्ये कर्सरकडे बघत बसलेलो असतो तेव्हाही. असली मोडकी वाटणारी रचना पन्नासहून जास्त वर्षं टिकली, कारण ती स्वस्त आणि इवलीशी आहे.

सहा ट्रान्झिस्टरवाली मेमरीही गेलेली नाही. प्रोसेसरच्या पोटातली कॅश अजून तशीच असते, वेगवान आणि जागाखाऊ. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये ती ३२ एमबी आहे. ग्राफिक्स चिपमध्येच बसवलेल्या ५६००जी मध्ये १६ एमबीच.

आता पाकिटावरच्या आकड्यांकडे या. रॅमवर मोठ्या टायपात वेग छापतात: ३२००, ५६००, ६०००. त्याखाली बारीक अक्षरांत ‘सीएल’ असतं. सीएलला २००० ने गुणा आणि त्या वेगाने भागा, म्हणजे माठांची योग्य रांग उघडल्यावर तिच्यातला पहिला बिट हाती यायला किती नॅनोसेकंद लागतात ते कळतं. डीडीआर४, ३२००, सीएल१६: १० नॅनोसेकंद. डीडीआर५, ६०००, सीएल३०: १० नॅनोसेकंद. वीसेक वर्षांपूर्वीची डीडीआर-४००, सीएल२? तीही १०! एका पट्टीतून सेकंदाला वाहणारी माहिती या काळात ३.२ जीबीवरून ४८ जीबीवर गेली, पंधरा पट. थांबणं मात्र जागच्या जागी राहिलं. चिमूटभर विद्युतभार लांबलचक तारेवर ओळखायला वेळ लागतोच, आणि ट्रान्झिस्टर लहान झाल्याचा फायदा कंपन्यांनी वाट बघणं कमी करण्याऐवजी जास्त बिट कोंबण्यात खर्च केला. स्वस्तातली डीडीआर५ ४८००, सीएल४० घेतलीत तर हा आकडा साडेसोळाच्या वर जातो, म्हणजे चांगल्या डीडीआर४ पेक्षा वाईट. महागड्या पट्टीचे पैसे भरूनही बायोसमध्ये एक्सएमपी ही छापील वेगाची सेटिंग चालू केली नाही, तर ती साध्या वेगानेच चालते. घरोघरी अशा पट्ट्या रंगीत दिवे लावून निवांत बसलेल्या आहेत.

डेनार्ड यांची दुसरी कामगिरी १९७४ ची. मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरच्या घटकांची संख्या किती वेगाने वाढेल, ते सांगितलं होतं. संख्या वाढली की संगणक वेगवान का व्हावा आणि चिप जळून का जाऊ नये, याचं गणित डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं. ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात घटवा. तो जलद होईल आणि दर चौरस मिलिमीटरला खर्च होणारी वीज तेवढीच राहील. १९८५ मध्ये इंटेलचा ३८६ हा १६ मेगाहर्ट्झवर सुरू झाला आणि २००४ मध्ये पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले, म्हणजे एकोणीस वर्षांत दोनशे तीस पटींहून जास्त, त्यात या गणिताचा मोठा वाटा. मग व्होल्टेज आणखी खाली आणता येईना. ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळू लागले. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि त्यांचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर परिषदेत गुडघे टेकून गमतीने माफी मागितली. कोटेशनमधला प्रोसेसर, इंटेलचा आय५-१२४००एफ, जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झवर जातो. एका ठोक्यात तो पेंटियमपेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो, हे खरं. पण बजेट कमी असताना गिगाहर्ट्झच्या दशांशासाठी पैसे मोजू नयेत.

गिगाहर्ट्झ थांबले, म्हणून एकाच चिपवरचे कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गाभे, वाढले. त्यांनाही मर्यादा आहे, ती जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवली होती: निम्मं काम एकापाठोपाठ एक असंच करावं लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग दुपटीपुढे जात नाही. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना मुख्यतः एकच कोअर राबतो. कोटेशनमधल्या प्रोसेसरचे सहा कोअर मुलीला भरपूर झाले.

रॅमचा भाव खरा, पण बाकीचं कोटेशन मला पटलेलं नाही. शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग बंद करून विकलेला असतो. या कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाची ओळच नाही, म्हणजे पीसी चालू होईल आणि मॉनिटर काळा राहील. एफ नसलेला १२४०० घ्या. रेंडरिंगसाठी कार्ड लागेलच, ते पुढच्या वर्षांत घेता येईल.

१६ जीबीची एक पट्टी लिहिली आहे, तिथं ८ च्या दोन घ्या. प्रोसेसर दोन वाटांनी एकदम वाचतो आणि चिपमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने फरक डोळ्यांना दिसतो. पुढे भाव उतरले तर आणखी दोन बसवता याव्यात, म्हणून मदरबोर्ड चार स्लॉटचा हवा. कोटेशनमधल्या एच६१० चिपसेटच्या बोर्डावर दोनच मिळतात. बी७६० चिपसेटचा, चार स्लॉटचा आणि डीडीआर४ घेणारा बोर्ड मागा. डीडीआर५ च्या बोर्डात डीडीआर४ ची पट्टी बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

यासाठी पैसे काचेच्या कॅबिनेटमधून काढा. त्या कॅबिनेटसोबत ‘५०० वॉट’चा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, फुकट आहे, तोही नको. दुकानात त्याच्या कडेचं लेबल वाचा: १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२. खरा कामाचा आकडा तो. प्रोसेसर एकटाच जोरात असताना ११७ वॉटपर्यंत घेतो, उद्या येणारं मध्यम कार्ड आणखी शंभरसव्वाशे. गुणाकार चारशेच्या पुढे आणि अंगावर ८० प्लसचा शिक्का, असा एसएमपीएस स्वतंत्र घ्या आणि कोटेशन पुन्हा करून मागा.