शटरची वेळ

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख इ. स. १०६० चा आहे. तेथील कोरीव काम मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यात फार स्पष्ट उमटते. पण जुन्या अनेक भिंगांना शटर नसे. छायाचित्रकार झाकण काढून मनात सेकंद मोजत. मोजणी चुकली की काच वाया!

आता हे काम लहानसा विद्युत परिपथ करतो. बटण दाबताच ५५५ ही टायमर चिप सुरू होते. १० किलोओहमचा रोध व १०० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले, तर सुमारे १.१ सेकंद प्रवाह मिळतो. तेवढा वेळ तारेचे वेटोळे चुंबक बनून शटर उघडे धरते. वेटोळ्याला डायोड जोडावाच. नाहीतर प्रवाह तुटताना उठणाऱ्या उलट्या दाबाने चिप जळू शकते. मात्र डायोडमुळे चुंबक किंचित उशिरा सुटते. म्हणून १/६० सेकंदासाठी नुसते गणित पुरत नाही.