दुर्बीण हातात, तिपाई पोटात

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. काझीरंगाला निघालेला पक्षीवेडा आधी रेल्वेने नांदेड, हैदराबाद नाहीतर संभाजीनगर गाठतो. म्हणजे बॅग जिन्यांवरून आपणच ओढायची, हे धरूनच ती भरावी.

देशांतर्गत विमानात साधारणपणे ७ किलो हातातलं आणि १५ किलो पोटातलं (चेक-इन) सामान चालतं. तिकिटावर एकदा बघून घ्या. १५०-६०० मिमीची लेन्सच २ किलोच्या आसपास भरते. तरीही कॅमेरा, लेन्स, दुर्बीण हातातच ठेवा. तिपाई आणि चाकू मात्र खाली द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ बॅटऱ्यांचा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक पोटातल्या सामानात चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातात नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फराळाच्या डब्याबरोबर सुक्या खोबऱ्याची वाटी टाकायची सवय असेल तर ती घरीच राहू द्या. खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला मनाई आहे.

कपडे मळकट हिरवे, खाकी. उघड्या जीपमधली जानेवारीची पहाट बोचते. परभणीची थंडी सोसलेल्यांना वेगळं सांगायला नको. जड बूट पायातच घाला.

आणि निघण्याआधी एखाद्या रविवारी हीच बॅग पाठीला लावून येलदरी धरणाच्या काठावर दोन तास फिरून या. खांदे भरून आले, तर सामान कमी करा.