मोटारीच्या चाकांची अदलाबदल : मापे, समजुती आणि सुरक्षितता

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील वाहन उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तर २००१ मध्ये शेंद्रा येथील कारखान्यात स्कोडाच्या ‘ऑक्टाव्हिया’ मोटारीची जुळणी सुरू झाली. मोटारींचा वापर जसा वाढला, तसा जुन्या सुट्या भागांचा व्यवहारही वाढला. एका कंपनीच्या मोटारीची चाके दुसऱ्या कंपनीच्या मोटारीला बसविणे हा त्यातील एक सर्वपरिचित प्रकार होय. ‘भोके जुळली म्हणजे चाक बसले’ ही त्यामागील सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत ग्राह्य मानावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. बोल्ट-वर्तुळाचा व्यास :

चाकावरील बोल्टच्या छिद्रांच्या केंद्रांतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाच्या व्यासास व्यवहारात ‘पीसीडी’ म्हणतात. छिद्रे चार असल्यास समोरासमोरील दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर म्हणजेच हा व्यास होय. छिद्रे पाच असल्यास लगतच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतरास १.७०१ ने गुणावे लागते.

शेंद्रा येथे प्रथम तयार झालेल्या ऑक्टाव्हियाचे माप ५ × १०० मि.मी. होते. २०१३ मध्ये त्याच नावाने आलेल्या नव्या ऑक्टाव्हियाचे माप मात्र ५ × ११२ मि.मी. झाले. कंपनी एक, नाव एक, छिद्रांची संख्याही एक. तरीही एकीचे चाक दुसरीला बसत नाही. याउलट २०१९ मध्ये आलेली टोयोटाची ग्लान्झा ही मूलतः मारुती सुझुकीची बलेनो असल्याने तेथे कंपनी भिन्न असूनही चाकांची मापे समान आहेत. यावरून चाक जुळणे हे कंपनीच्या नावावर नव्हे, तर मापांवर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

सर्वाधिक धोका अल्प फरकात असतो. फियाट पॅलिओचे माप ४ × ९८, तर मारुती स्विफ्टचे ४ × १०० मि.मी. आहे. प्रत्येक छिद्र केंद्रापासून केवळ १ मि.मी. सरकलेले असल्याने पान्याने ओढून चाक बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बोल्ट तिरपा ताणला जातो आणि कालांतराने तो सैल होण्याची किंवा तुटण्याची शक्यता निर्माण होते.

२. मध्यछिद्र :

चाकाच्या मधले छिद्र हबच्या उंचवट्यावर नेमके बसले पाहिजे. पहिल्या ऑक्टाव्हियाचे हे माप ५७.१, तर स्विफ्टचे ५४.१ मि.मी. आहे. छिद्र लहान असल्यास चाक हबवर चढतच नाही. ते मोठे असल्यास चाक चढते, परंतु नेमके मध्यावर राहण्याची खात्री नसते व वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते. अशा वेळी योग्य मापाचे कडे मध्ये घालावे लागते.

३. बोल्टची बैठक :

चाकाचा भार बोल्टच्या दांड्यावर असतो, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः बोल्टच्या ताणामुळे चाक हबवर घट्ट दाबले जाते आणि त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण भार पेलते. स्कोडा व फोक्सवॅगनच्या बोल्टची बैठक गोलाकार असते, तर अनेक जपानी मोटारींच्या नटांची बैठक शंकूच्या आकाराची असते. गोलाकार खळग्यात शंकूचा नट बसविल्यास स्पर्श केवळ एका अरुंद कडेवर होतो व दाब टिकत नाही. आट्यांचे मापही तितकेच महत्त्वाचे आहे. ऑक्टाव्हियाचा बोल्ट १४ मि.मी. जाडीचा, तर स्विफ्टचा नट १२ मि.मी. जाडीच्या दांड्यासाठी असतो.

४. ऑफसेट, ब्रेक आणि टायर :

चाकाची मध्यरेषा व हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. ४५ ऐवजी ३५ मि.मी. ऑफसेटचे, तितक्याच रुंदीचे चाक लावल्यास ते १० मि.मी. बाहेर येते. त्यामुळे बेअरिंगवरील ताण वाढतो आणि टायर मडगार्डला घासू शकतो. ऑफसेट वाढल्यास चाक आत सरकून सस्पेन्शनला किंवा ब्रेकच्या कॅलिपरला अडते.

टायरच्या बाह्य व्यासाचाही विचार आवश्यक ठरतो. १७५/६५ आर १४ या टायरचा व्यास सुमारे ५८३ मि.मी., तर १८५/६५ आर १५ चा सुमारे ६२२ मि.मी. येतो. हा फरक साडेसहा टक्क्यांहून अधिक आहे. अशा बदलानंतर वेगदर्शक १२० दाखवीत असताना मोटार प्रत्यक्षात सुमारे १२८ कि.मी. वेगाने धावत असते. शहरालगतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरील कमाल वेगमर्यादा १२० कि.मी. आहे, हे लक्षात घेता हा फरक क्षुल्लक म्हणता येणार नाही. याशिवाय चाकाची व टायरची भारक्षमता मूळ मापापेक्षा कमी असता कामा नये. टायरवरील ८२ हा भारांक ४७५ किलो, तर ९१ हा भारांक ६१५ किलो भार दर्शवितो.

५. कायदेशीर बाजू :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा भिन्न ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचे काटेकोर पालन अपेक्षिले आहे. निर्मात्याने त्या मॉडेलसाठी नमूद केलेल्या मापांच्या मर्यादेत राहणे हाच सुरक्षित मार्ग होय.

समारोप :

चाकांची अदलाबदल सर्वस्वी त्याज्य नाही. मात्र ती अंदाजाने करण्याची गोष्ट नव्हे. बोल्ट-वर्तुळ, मध्यछिद्र, बोल्टची बैठक व आटे, ऑफसेट, ब्रेकसाठीची जागा, टायरचा व्यास आणि भारक्षमता या बाबी खरेदीपूर्वी तपासाव्यात. बोल्ट टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मूल्यापर्यंत आवळावेत व ५० ते १०० कि.मी. प्रवासानंतर पुन्हा पाहावेत. बदललेल्या चाकांचे बोल्ट स्टेपनीला चालतीलच असे नाही. म्हणून मूळ बोल्टचा संच गाडीत ठेवावा. यांपैकी एकही माप जुळत नसल्यास, चाक कितीही स्वस्त असले तरी ते न घेणेच हिताचे ठरते.