रक्त सुधारलं, मुंग्या राहिल्या

हैदराबादच्या नल्लकुंट्यात तापाचं माणूस कुठे न्यायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. फीव्हर हॉस्पिटल, म्हणजे जुन्या लोकांची 'कोरंटी', इथेच आहे. अंग तापलं, प्लेटलेट घसरल्या की सगळं घर धावतं. पण जीभ लाल होऊन चुरचुरते, जिना चढताना धाप लागते, तळपायांना मुंग्या येतात, असल्या तक्रारींसाठी कुणी धावत नाही. एक जण वय झालं म्हणतो, दुसरा शुगर म्हणतो, तिसरा टॉनिक लिहून देतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पर्निशियस ॲनिमियाचं निदान लांबतं ते यामुळेच. प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं पटतं.

'शाकाहारी आहात ना, मग बी-१२ कमी असणारच', हे तर सगळ्यात जास्त पटतं, आणि अर्धं खरंही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं होतं. गफलत होते ती इथेच. कमतरता इतकी घरोघरची, की कारण शोधावंसंच कुणाला वाटत नाही. पर्निशियस ॲनिमियात मात्र दोष ताटात नसतो, जठरात असतो. जठराच्या अस्तरातल्या पेशी 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिन तयार करतात, आणि त्याला चिकटूनच बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींवर आणि त्या प्रथिनावरच उलटते. त्यामुळे पाया आणि कलेजी आवडीने खाणाऱ्यालाही हा आजार होतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवात कधी झाली ते कळत नाही. स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा त्रास किंवा अंगावर कोड असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, कारण त्यामागेही बरेचदा अशीच उलटलेली प्रतिकारशक्ती असते.

दुसरा गैरसमज जास्त घातक: रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन वर आलं, म्हणजे उपचार बरोबर चाललाय. यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती आपल्या मुंबईतून सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या ॲनिमियाचा तिने अभ्यास सुरू केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं रक्त हुबेहूब पर्निशियससारखं दिसायचं, तांबड्या पेशी तशाच फुगलेल्या. पण त्या बायका स्वस्तातल्या मार्माइटने बऱ्या झाल्या, आणि पर्निशियसवर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क अशा ॲनिमियावर चालत नाही हेही तिला पुढे दिसलं. म्हणजे रक्त एकसारखं असलं तरी आजार दोन होते. मार्माइटमधला तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. चाळीसच्या दशकात अमेरिकेच्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव, तेलुगू मुलखाचा अभिमान. मग हे नवं औषध पर्निशियसच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. रक्त झपाट्याने सुधारलं. पण मज्जातंतूंची झीज थांबली नाही, काहींची वाढलीच. बी-१२ हाती लागलं ते १९४८ साली.

कारण न शोधता लोह आणि फॉलिकचं टॉनिक सुरू केलं, की तीच चूक आजही होऊ शकते.

'सीबीसी नॉर्मल आहे, मग बी-१२ कशाला बघायचं?' रक्त ठीक असतानाही मज्जातंतू बिघडू शकतात. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? अंधारात पाय कुठे पडतोय ते कळत नाही का? बोटांच्या पेरांवरची कातडी अलीकडे काळवंडली आहे का? हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ त्या गोळीनेही खाली येतं, त्यामुळे 'मुंग्या शुगरच्याच' हे ठरवण्याआधी एकदा तपासणी व्हायला हवी.

तपासणीचीही एक खोच आहे. आधी मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणून आठवडाभर खाल्लं, तर आकडा छान दिसतो आणि निदान हुकतं. इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या तर निदान जवळपास पक्कं, पण बऱ्याच रुग्णांत त्या सापडतच नाहीत. म्हणून एवढ्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. चालताना तोल जात असेल तर सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. तपासणीसाठी रक्त देऊन झालं की पहिलं इंजेक्शन लगेच सुरू करता येतं, बाकीचा शोध नंतरही चालतो. याबद्दल डॉक्टरांना विचारायला संकोच कसला? रक्त काही आठवड्यांत भरून येतं, मज्जातंतूंना महिने लागतात, आणि फार उशीर झाला तर थोडा बधिरपणा कायमचा राहतो.

गोळ्यांनी भागतं का? मोठ्या मात्रेच्या गोळीतलं जेमतेम एक टक्का बी-१२ इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही आत झिरपतं, आणि पुष्कळांना ते पुरतं. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास कलेजी खायला घालून जगवलं, त्यामागेही बहुधा हेच असावं. (किती जणांना ती घशाखाली उतरत असेल, देव जाणे.) मज्जातंतूंची लक्षणं असतील तर मात्र सुरुवात इंजेक्शननेच करतात: आधी थोड्या थोड्या दिवसांनी, मग महिन्याला किंवा दोन-तीन महिन्यांनी एक.

आणि ते थांबवायचं नसतं. आकडा वर आला तो इंजेक्शनमुळे, जठर काही सुधारलेलं नसतं. सवय लागेल ही भीतीही उगीच, जास्तीचं बी-१२ लघवीवाटे निघून जातं. खंड पडतो तो वेगळ्याच कारणाने. मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जायचं असतं, बॅगेत लोणचं-मेतकूट भरलं जातं आणि इंजेक्शनची चिठ्ठी इकडेच राहते. निघण्यापूर्वी निदान, औषधाचं नाव, मात्रा आणि पुढची तारीख असं इंग्रजी पत्र डॉक्टरांकडून घ्यावं. कधी शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञालाही ते दाखवावं, कारण नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो.