राहिलेली पदवी

पाटण्याच्या राजकुमार वैश्य यांनी 1938 मध्ये आग्रा विद्यापीठातून पदवी घेतली. एम.ए. करायचं मनात होतं, पण नोकरी आणि संसारात ते राहून गेलं. 2015 मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, त्यांनी नालंदा मुक्त विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. नातवंडांपेक्षाही लहान मुलांबरोबर तीन-तीन तासांचे पेपर दिले आणि 2017 मध्ये ते द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाले.

महाराष्ट्रात असं शिक्षण राहून गेलेल्यांना मोठा आधार मिळाला तो नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठीही ‘पूर्वतयारी’ परीक्षेतून पदवीची वाट खुली केली. रविवारी गावातल्याच कॉलेजात अभ्यासकेंद्र भरतं. बाकावर पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, दुकानदार शेजारी-शेजारी बसतात. पुस्तकं मराठीत, शंका विचारायला संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक.

खरी अडचण बुद्धीची नसते, वेळेची असते. त्यातही बाईच्या वेळेची. स्वयंपाक, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं आटोपल्यावर रात्री दहाला पुस्तक उघडायचं आणि परीक्षेच्या आठवड्यातच नेमकं घरात लग्न निघायचं! वर्षानुवर्षं लिहायची सवय मोडलेली. तीन तास पेन धरून हात भरून येतो. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

अर्धवट सुटलेलं शिक्षण आता पूर्वीइतकं वायाही जात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका मिळू शकते आणि मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. ही सोय तीस वर्षांपूर्वी असती, तर कितीतरी जणींचं दुसऱ्या वर्षापर्यंतचं शिक्षण वाया गेलं नसतं.