पॉवर स्टीअरिंगचा कूलर आणि रबराची जात

थंडी सुरू झाली, म्हणजे जिझानला जी काही थंडी पडते ती, की आपली मंडळी सहकुटुंब फैफाच्या डोंगरावर सहलीला निघतात. मुलांना त्या वळणांची मजा वाटते. गाडीच्या पॉवर स्टीअरिंगची मात्र तिथे परीक्षा असते.

स्टीअरिंग फिरवले की पंप तेलावर दाब आणतो आणि तेल तापते. ते गार करायला रेडिएटरच्या पुढे एक वाकवलेली नळी असते, तोच कूलर. त्याला वारा लागतो तो गाडीच्या वेगामुळे. घाटात सगळे उलटे : वळणे जास्त, वेग कमी. त्यात आपल्याकडची खारी, दमट हवा ती नळी बाहेरून कुरतडत असते. नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर पाझर सुरू झाला असे समजावे. तेल संपले तरी चाके वळतात, पण दोन्ही हातांचा जोर लागतो, आणि हे उतारावरच्या वळणात कळणे बरे नव्हे. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकले तर पेटही घेऊ शकते.

कूलर बदलणे अवघड नाही. सनाइयातला कोणताही बरा मेकॅनिक करून देईल. गडबड होते ती त्याला जोडायच्या रबरी नळीत. हाताशी असलेला पाण्याच्या नळीचा तुकडा लावला जातो. ते रबर बहुधा ईपीडीएम जातीचे : पाण्यात उत्तम टिकते, पण खनिज तेलात फुगते, मऊ पडते आणि क्लॅम्पमधून निसटते. इथे तेलाला टिकणारे, म्हणजे नायट्राइलसारखे रबर हवे. ब्रेक ऑइलचे नेमके उलटे. ते बहुधा ग्लायकॉलचे असते आणि नायट्राइल खराब करते, म्हणून स्टीअरिंगच्या टाकीत ते थेंबभरही नको. कोणते तेल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

तेल भरल्यावर पुढची चाके उचलून (खाली स्टँड लावूनच!) इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-वीस वेळा सावकाश फिरवावे, मधूनमधून तेल घालावे. आत हवा राहिली तर तेलाला फेस येतो आणि पंप घूं घूं करतो. इंजिन चालू असताना स्टीअरिंग टोकाला दाबून धरू नये.

बऱ्याच नव्या गाड्यांत स्टीअरिंग विजेवर चालते, त्यांना हा व्याप नाही. आणि २०१८ पासून इथे भगिनीही गाडी चालवतात, तेव्हा हे फक्त पुरुषमंडळींसाठी लिहिलेले नाही.

फैफाला निघायच्या आदल्या रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी पाण्याचा डाग असेल तर तो बहुतेक एसीचा. तेलकट, लालसर डाग असेल तर सहल पुढच्या शुक्रवारी.